लाइट गेल्यावर हार्ड डिस्क तपासायची ती कुठल्या क्रमाने

कॉम्प्युटर चालू असताना लाइट जाते, किंवा विंडोज अडकलं म्हणून पॉवर बटण दाबून धरावं लागतं. पुन्हा चालू केल्यावर मशीन रेंगाळतं, एखादी फाइल उघडत नाही, नाहीतर काळ्या पडद्यावर 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' असं येऊन बसतं. इथून पुढे बहुतेक जण एकच करतात. कुठेतरी वाचलेली चेकडिस्कची, म्हणजे ड्राइव्ह तपासून दुरुस्त करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, सगळ्यात कडक आज्ञा टाइप करतात, थोडा वेळ वाट बघतात आणि टक्केवारी हलत नाही म्हणून पुन्हा बटण दाबून मशीन बंद करतात. लाइट गेली तेव्हा डिस्क बचावली असली, तरी दुरुस्ती चालू असताना तोडलेल्या या दुसऱ्या झटक्यातून ती बचावेलच असं नाही.

चेकडिस्क उपयोगाचीच आहे, पण तिची पाळी येण्याआधी तीन कामं उरकायची असतात. ती कुठली आणि चेकडिस्क नंतर कशी चालवायची, हे विंडोज १० आणि ११ धरून इथे लिहिलं आहे.

आज्ञांबद्दल आधीच सांगतो. त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच टाकायचे. चेकडिस्कची आज्ञा सहा अक्षरी आहे: सी, एच, के, डी, एस, के. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती. एंटरच्या जवळची उलटी तिरकी रेघ इथे चालत नाही.

## चेकडिस्क काय दुरुस्त करते आणि काय नाही

विंडोजची मुख्य ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने मांडलेली असते. फाइली मांडण्याच्या अशा पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. कुठली फाइल डिस्कवर कुठल्या जागी आहे, तिचं नाव काय, ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे, याच्या नोंदी एका मुख्य तक्त्यात असतात. नोंद बदलण्याआधी एनटीएफएस तो बदल वेगळ्या लॉगमध्ये लिहून ठेवते. मध्येच लाइट गेली, तर पुढच्या वेळी तो लॉग वाचून अर्धवट नोंदी पूर्ण केल्या जातात किंवा मागे घेतल्या जातात. लाइट जाऊनही बहुतेक वेळा काही बिघडत नाही, ते यामुळे. पण हे संरक्षण नोंदींना आहे, फाइलच्या आतल्या मजकुराला नाही. एक्सेलची शीट सेव्ह होत असतानाच लाइट गेली, तर नोंद शाबूत आणि शीट अर्धी, असं होऊ शकतं.

चेकडिस्क तपासते त्या या नोंदी. सातबारा दुरुस्त झाला म्हणजे शेतातलं पीक वाचलं असं होत नाही, तसंच हे आहे. शिवाय नोंदींचा मेळ बसत नसेल, तर तो बसवण्यासाठी चेकडिस्क एखादी नोंद सरळ काढूनही टाकते. तिच्या हिशेबाने ड्राइव्ह निर्दोष झाली, तुमची फाइल मात्र गेली. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीवर उभा आहे.

## टप्पा १: मशीन पुन्हा चालू करण्याआधी

लाइट आल्याबरोबर बटण दाबू नका. पावसाळ्यात लाइट येते, दोन मिनिटांत परत जाते, परत येते. दर वेळी विंडोज अर्धं चालू होऊन बंद पडलं, तर एका झटक्याचं नुकसान चार झटक्यांचं होतं. पंखा आणि दिवे पाच-दहा मिनिटं स्थिर राहिले की मग चालू करा.

तोपर्यंत पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, मेमरी कार्ड काढून ठेवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून बॅटरी भरू द्या. पुढची कामं काही तास चालू शकतात.

चालू केल्यावर आधी कान द्या. फिरणाऱ्या हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने 'टक… टक… टक' येत असेल, खरखर ऐकू येत असेल, किंवा डिस्क फिरायला सुरुवात करून परत थांबत असेल, तर ही फाइल सिस्टिमची तक्रार नव्हे, यंत्राची आहे.

सावधान: असा आवाज आला तर मशीन बंद करा. चेकडिस्क चालवू नका, कॉपीही करत बसू नका. त्या डिस्कवरचा डेटा हवा असेल, तर ती तशीच डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. प्रत्येक मिनिटाच्या फिरण्याने आतल्या तबकड्यांना आणखी इजा होऊ शकते.

एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपवरची डिस्क, आवाज करत नाही. बिघडली तर ती एकदम दिसेनाशी होते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, तिचं नावच येत नसेल, तर विंडोजमधल्या कुठल्याही आज्ञेचा तिथे उपयोग नाही. आधी केबल आणि जोडणी बघा.

विंडोज चालू होताना आपणहून तपासणी सुरू झाली, तर ती पूर्ण होऊ द्या. ती एनटीएफएसने ड्राइव्हवर लावलेल्या 'अस्वच्छ' खुणेमुळे सुरू होते. विंडोज चालूच होत नसेल, तर खाली त्यासाठी वेगळा भाग आहे.

## टप्पा २: डेटा बाहेर काढा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. विंडोज चालू झालंय, फाइली दिसताहेत, मग आत्ताच कॉपी करा. दुरुस्तीनंतर त्या दिसतीलच याची हमी कुणी देत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर कॉपी करणं. बहुतेक मशिन्समध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. खात्री करायची असेल तर स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. 'डिस्क ०' च्या एकाच ओळीत सी आणि डी शेजारी शेजारी दिसले, तर ती एकच डिस्क. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा ऑनलाइन साठ्यावरच घ्या.

कॉपीचाही क्रम असतो:

१. जे पुन्हा तयार करता येणार नाही ते आधी: टॅलीचा डेटा फोल्डर, हिशेबाच्या शीट्स, प्रबंध, मुलांचे फोटो.
२. मग डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स. कागदपत्रांचे स्कॅन लोक डाउनलोड्समध्येच ठेवून विसरतात.
३. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, ते खात्याशी जोडलेले नसतील तर.
४. सिनेमे, सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइली शेवटी, किंवा नाहीच.

जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका. आत्ताच्या फाइलींपैकी काही खराब असू शकतात आणि त्या तुमची चांगली जुनी प्रत पुसून टाकतील. आजच्या तारखेचं वेगळं फोल्डर करा.

एखाद्या फाइलपाशी कॉपी अडकली, तर 'स्किप' करून पुढे जा. तीच फाइल पुन्हा पुन्हा ओढत बसलात तर डिस्क त्याच खराब जागेवर डोकं आपटत राहते आणि बाकीचं कॉपी व्हायचं राहून जातं. आज्ञेने कॉपी करणाऱ्यांनी रोबोकॉपी ही विंडोजची कॉपीची आज्ञा वापरताना शेवटी '/आर:१ /डब्ल्यू:१' जोडावं, म्हणजे ती एका सेकंदाने एकदाच पुन्हा प्रयत्न करते. हे जोडलं नाही, तर अडलेल्या एका फाइलसाठी रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी, तब्बल १० लाख वेळा प्रयत्न करायला तयार असते.

आणखी एक काम याच टप्प्यावर: बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची, किल्ली. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन अनेकदा मालकाला न कळता आपोआप चालू झालेलं असतं. पुढे रिकव्हरी स्क्रीनवर जायची वेळ आली, तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधून बघा. चालू असेल तर किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. दुसऱ्या कुठल्याही मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करून किल्ली कागदावर उतरवून ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ती आयटी विभागाकडे मिळते.

तपासा: बॅकअपमधल्या चार-पाच महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवरूनच उघडून बघा. फोल्डरचं नाव दिसतंय एवढ्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: डिस्कची तब्येत बघा

फाइल सिस्टिम सुधारण्याआधी तिच्याखालची डिस्क धड आहे का, हे कळायला हवं. मरायला टेकलेल्या डिस्कवर लांबलचक तपासणी चालवणं म्हणजे तिच्याकडे उरलेला वेळ दुरुस्तीत घालवणं. तोच वेळ डेटा काढायला मिळाला असता.

प्रत्येक डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्यात निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पण रंगावर थांबू नका, खालचा तक्ता वाचा. त्यातले आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमल पद्धतीत दिसतात. मेनूमध्ये 'फंक्शन', 'ॲडव्हान्स्ड फीचर', 'रॉ व्हॅल्यूज' इथे जाऊन ते साध्या दशमान पद्धतीत करून घ्या.

फिरणाऱ्या हार्ड डिस्कसाठी एवढ्या ओळी बघा:

- ०५, रीॲलोकेटेड सेक्टर्स. खराब ठरून बदललेल्या जागा. थोड्या असतील आणि आकडा स्थिर असेल तर डिस्क चालते. आठवडाभरात वाढत असेल तर बदला.
- सी५, करंट पेंडिंग सेक्टर. डिस्कला वाचता न आलेल्या, निकाल न लागलेल्या जागा. लाइट गेल्यावर बघायची सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. लिहिता लिहिता वीज गेल्याने अर्धवट राहिलेला सेक्टरही इथे येतो आणि पुढे त्यावर नीट लिहिलं गेलं की आकडा खाली येतो. शून्याहून जास्त असेल तर टप्पा २ पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- सी६, अनकरेक्टेबल. सी५ बरोबर हीसुद्धा वाढत असेल तर डिस्कचा भरवसा संपला.
- सी७, सीआरसी एरर. ही ओळ वाढते ती बहुधा डेटा केबलमुळे. केबल काढून घट्ट बसवा किंवा बदला. डिस्क फेकून देण्याआधी हे करून बघाच. जुना आकडा मात्र कधी शून्यावर येत नाही. पुढे वाढतोय का, एवढंच बघायचं.

सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींमध्ये प्रचंड आकडे दिसतात. त्यात वेगवेगळ्या मोजण्या एकत्र भरलेल्या असतात, घाबरण्याचं कारण नाही.

एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीचा तक्ता वेगळा असतो. तिथे 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य असावी आणि 'अव्हेलेबल स्पेअर' शंभराच्या जवळ असावा. 'अनसेफ शटडाउन्स' म्हणजे आतापर्यंत किती वेळा वीज अचानक तुटली. हा आकडा मोठा दिसला म्हणून एसएसडी खराब ठरत नाही, पण घरातल्या विजेची परिस्थिती त्यातून समजते. बाहेरच्या यूएसबी डिस्कचे काही डबे ही नोंदवही पुढे पाठवतच नाहीत. तक्ता रिकामा दिसला तर दोष डब्याचा असू शकतो.

थांबा: सी५ किंवा सी६ मध्ये मोठे आकडे आहेत आणि डेटा पूर्ण निघालेला नाही? मग चेकडिस्क नको. लिनक्सवरच्या 'डीडीरेस्क्यू'सारख्या साधनाने आधी पूर्ण डिस्कची प्रत काढा. ते चांगल्या जागा पहिल्यांदा वाचून घेतं आणि अडणाऱ्या जागा शेवटी ठेवतं. दुरुस्तीचे प्रयोग मग त्या प्रतीवर करा.

## टप्पा ४: नुसतं बघायचं, हात लावायचा नाही

स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करा, 'कमांड प्रॉम्प्ट'वर उजवी क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. हे न करता साधी खिडकी उघडली, तर पुरेशा परवानग्या नाहीत असं सांगून आज्ञा परत फिरेल.

पहिली आज्ञा:

एफएसयूटीआयएल डर्टी क्वेरी सी:

उत्तरात 'नॉट डर्टी' आलं तर विंडोजच्या मते ड्राइव्ह स्वच्छ आहे. नुसतं 'डर्टी' आलं तर पुढच्या वेळी चालू होताना तपासणी होणारच.

दुसरी आज्ञा:

सीएचकेडीएसके सी: /स्कॅन

ही तपासणी विंडोज चालू असतानाच होते, काम थांबवावं लागत नाही आणि रीस्टार्टही लागत नाही. पहिल्यांदा चालवायची ती हीच.

अनेक लेखांत याऐवजी शेवटी काहीच न जोडता 'सीएचकेडीएसके सी:' चालवायला सांगतात. वापरात असलेल्या ड्राइव्हवर ती आज्ञा नसलेल्या चुकाही दाखवू शकते, कारण ती वाचत असतानाच विंडोज खाली नोंदी बदलत असतं. त्या यादीला घाबरून लोक पुढचं नको ते करतात.

शेवटी 'विंडोज हॅज स्कॅन्ड द फाइल सिस्टिम अँड फाउंड नो प्रॉब्लेम्स' असं वाक्य आलं, तर टप्पे ५ आणि ६ सोडून द्या आणि सरळ सातव्यावर जा. तब्येत चांगली, स्कॅन स्वच्छ, तरीही 'एकदा पूर्ण करूनच घेऊ' म्हणून रात्रभर मशीन राबवण्यात काही अर्थ नाही.

याच वेळी 'इव्हेंट व्ह्यूअर' ही विंडोजची घडामोडींची नोंदवही उघडून 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टिम'वर नजर टाका. 'कर्नेल-पॉवर ४१' आणि '६००८' या नोंदी फक्त एवढंच सांगतात की मशीन नीट बंद झालं नव्हतं; ते तुम्हाला माहीत आहेच. बघायच्या त्या 'डिस्क' या स्रोताच्या ७ आणि १५३ क्रमांकाच्या नोंदी आणि 'एनटीएफएस'ची ५५. सात म्हणजे खराब जागा सापडली, १५३ म्हणजे वाचणं किंवा लिहिणं पुन्हा करावं लागलं, ५५ म्हणजे फाइल सिस्टिमच्या रचनेत बिघाड. लाइट जाण्याच्या कितीतरी आधीच्या तारखांनाही ७ आणि १५३ दिसत असतील, तर डिस्क आधीपासूनच आजारी होती. दोष विजेवर ढकलून चालणार नाही.

## टप्पा ५: दुरुस्ती

स्कॅनमध्ये चुका सापडल्या, तरच इथे या.

१. सगळी कामं सेव्ह करून बंद करा. डेस्कटॉप असेल तर तो यूपीएसवर आहे ना, बघा. लॅपटॉप चार्जरवर हवा.

२. स्कॅनने चुका नोंदवून ठेवल्या आणि 'स्पॉटफिक्स' चालवायला सुचवलं, तर ही आज्ञा द्या: सीएचकेडीएसके सी: /स्पॉटफिक्स. ती फक्त सापडलेल्या जागा दुरुस्त करते, म्हणून लवकर आटोपते.

३. तसं सुचवलं नाही, किंवा स्पॉटफिक्सनंतरही ड्राइव्ह 'डर्टी'च राहिली, तर: सीएचकेडीएसके सी: /एफ

४. सी ड्राइव्ह वापरात असल्याने ती लगेच सुरू होणार नाही. पुढच्या रीस्टार्टला करू का, असं विचारलं जाईल. 'वाय' दाबून एंटर करा.

५. आता रीस्टार्ट निवडा, 'शट डाउन' नको. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते. मग पुन्हा चालू केल्यावर ठरवलेली तपासणी होतच नाही. 'आज्ञा दिली, पण काहीच झालं नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

६. चालू होताना 'तपासणी टाळायची असेल तर कुठलंही बटण दाबा' असा संदेश काही सेकंद येतो. तेवढा वेळ कीबोर्डला हात लावू नका.

यानंतर वाट बघणं. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबते आणि मग एकदम उडी मारते. सी ड्राइव्हवर लाखो छोट्या फाइली असतील, तर हे जास्तच जाणवतं. मशीन जिवंत आहे का, हे टक्क्यांवरून कळत नाही. कॅबिनेटवरच्या डिस्कच्या दिव्यावरून कळतं. दिवा लुकलुकतोय तोवर काम चाललंय.

सावधान: दुरुस्ती चालू असताना बटण दाबून मशीन बंद करणं, हा या सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात मोठा धोका आहे, कारण त्या क्षणी नोंदींचा तक्ताच बदलला जात असतो. रात्र उलटली, दिवा पूर्ण विझलेला आहे आणि डिस्कचा आवाजही नाही, अशी स्थिती असेल तरच तो शेवटचा उपाय.

## टप्पा ६: '/आर' कधी

'/आर' ही आज्ञा '/एफ'चं सगळं काम करते आणि त्यावर डिस्कचा एकूण एक कोपरा वाचून खराब जागा शोधते. चेकडिस्कचे पहिले तीन टप्पे नोंदींचे: फाइलींचा तक्ता, नावं आणि फोल्डरांची जोडणी, परवानग्या. '/आर' दिलं की चौथा आणि पाचवा टप्पा वाढतो: फाइलींनी व्यापलेली जागा आणि रिकामी जागा. एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला १२० मेगाबाइट वेगाने वाचली, तरी नुसत्या वाचण्याला सव्वादोन तासांहून जास्त लागतात. खराब जागा असतील तिथे हा वेळ कितीतरी पटीने वाढतो.

म्हणून ती तेव्हाच चालवा, जेव्हा सी५ मध्ये थोडे आकडे आहेत किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ क्रमांक आला आहे, आणि डेटा पूर्ण बाहेर निघाला आहे. रात्री लावायची, पण भारनियमनाची वेळ बघून. एसएसडीवर एरवी हिची गरज पडत नाही. वाचताना चुका येत असतील तर गोष्ट वेगळी.

खराब जागा सापडल्याच, तर '/आर' त्यातून वाचता येईल तेवढं दुसरीकडे हलवते आणि ती जागा पुन्हा वापरू नये अशी खूण करते. डिस्क त्याने नवी होत नाही.

## टप्पा ७: अहवाल वाचा, मग फाइली बघा

रीस्टार्टच्या वेळचा अहवाल पडद्यावरून निघून जातो, पण हरवत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'विंडोज लॉग्ज', 'ॲप्लिकेशन' इथे 'विनइनिट' या स्रोताची १००१ क्रमांकाची नोंद शोधा. विंडोज चालू असताना केलेल्या स्कॅनची नोंद 'चेकडिस्क' या स्रोताखाली असते. अहवालात 'केबी इन बॅड सेक्टर्स' ही ओळ बघा. तिथे शून्य हवं. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर हा आकडा वाढलेला दिसला, तर नवी डिस्क घ्या.

सी ड्राइव्हवर 'फाउंड.०००' नावाचं लपलेलं फोल्डर तयार झालं असेल, तर ते लगेच पुसू नका. नोंद तुटलेल्या फाइलींचे तुकडे त्यात 'सीएचके' या शेपटीच्या फाइली होऊन पडलेले असतात. हरवलेला फोटो किंवा कागद तिथे सापडू शकतो. सगळ्या महत्त्वाच्या फाइली उघडून झाल्या, काही गहाळ नाही अशी खात्री पटली, की मग ते काढा.

विंडोजच्या स्वतःच्या फाइली दुखावल्या असतील, तर दोन आज्ञा, याच क्रमाने:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ
एसएफसी /स्कॅननाउ

पहिली आज्ञा दुरुस्तीचा मूळ साठा नीट करते आणि दुसरी त्या साठ्यातून फाइली बदलते. उलट क्रमाने केलं, तर एसएफसी खराब साठ्यातून माल उचलायला जाते आणि 'दुरुस्त करता आलं नाही' म्हणून थांबते. पहिलीला इंटरनेट लागू शकतं.

तुमच्या कामाच्या फाइली वेगळ्या तपासाव्या लागतात. टॅलीचा डेटा लोड होतो का आणि शेवटच्या दिवसाच्या नोंदी आहेत का, ते बघा. नसतील तर टॅलीची स्वतःची दुरुस्तीची सोय वापरा, तीही डेटा फोल्डरची प्रत काढल्यावरच. वर्ड आणि एक्सेल उघडल्यावर बाजूला 'डॉक्युमेंट रिकव्हरी' दिसली, तर ती घाईने बंद करू नका. त्यातली प्रत कधी कधी सेव्ह केलेल्या फाइलपेक्षा नवी असते.

## विंडोज चालूच होत नसेल तर

लागोपाठ दोन वेळा चालू होणं फसलं, की विंडोज बहुधा आपणहून रिकव्हरी स्क्रीनवर नेतं. तिथे 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'कमांड प्रॉम्प्ट'. बिटलॉकर असेल तर टप्पा २ मध्ये उतरवलेली किल्ली इथे लागते.

इथली ठरलेली चूक म्हणजे डोळे मिटून सी ड्राइव्ह तपासणं. रिकव्हरीमध्ये ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. तुमची नेहमीची सी इथे डी किंवा ई असेल. आधी 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट व्हॉल्यूम' टाइप करा आणि आकारावरून ओळखा. 'एक्झिट' करून बाहेर या. मग 'डीआयआर डी:' असं विचारून त्यात 'विंडोज' आणि 'यूझर्स' ही फोल्डर दिसतात का बघा. दिसली की त्या अक्षरावर '/एफ' चालवा.

शेवटी 'फेल्ड टू ट्रान्सफर लॉग्ड मेसेजेस टू द इव्हेंट लॉग विथ स्टेटस ५०' असं आलं, तर दुरुस्ती फसली असा अर्थ काढू नका. रिकव्हरीमध्ये अहवाल लिहून ठेवायला जागा नसते, एवढंच ते वाक्य सांगतं. त्याच्या वरच्या ओळी वाचा.

आणि डेटा बाहेर काढलेला नसेल, तर या स्क्रीनवरही क्रम तोच. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून किंवा लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून चालू करून आधी कॉपी. मशीनमध्ये लिनक्सही असेल, तर तिथून 'एनटीएफएसफिक्स' चालवलं म्हणजे चेकडिस्क झाली असं धरू नका. ते काही मोजक्याच गोष्टी नीट करून पुढची तपासणी विंडोजवर सोपवतं.

## पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क

या अनेकदा फॅट३२ किंवा एक्सफॅटवर असतात. तिथे एनटीएफएससारखा लॉग नाही, त्यामुळे लाइट गेल्याचा फटका यांना जास्त बसतो. '/स्कॅन' त्यांच्यावर चालत नाही. फाइली कॉपी करून घ्या आणि थेट '/एफ' वापरा, अक्षर मात्र त्या ड्राइव्हचं टाका. विंडोजने 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं, तर 'कॅन्सल'. आतला डेटा हवा असेल तर तिथे 'हो' कधीच म्हणायचं नाही.

## पुढच्या वेळेसाठी दोन-तीन सेटिंग्ज

घरच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालवत असाल, तर इन्व्हर्टरच्या पाठीमागे किंवा बाजूला यूपीएस मोडचा खटका आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला एवढा वेळ जातो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडमध्ये हा बदल खूप लवकर होतो. वेगळा यूपीएस असेल तर त्यावर लेझर प्रिंटर लावू नका. तो तापताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएसच बसतो. यूपीएससोबत यूएसबी केबल आली असेल तर ती जोडा आणि पॉवर सेटिंग्जमध्ये बॅटरी संपत आली की 'हायबरनेट' असं लावून टाका. दुकान बंद करून तुम्ही घरी गेलात तरी मशीन नीट बंद होईल.

'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये डिस्कच्या 'पॉलिसीज' पानावर 'टर्न ऑफ विंडोज राइट-कॅशे बफर फ्लशिंग' असा एक चौकोन आहे. वेग वाढवायच्या सल्ल्यांमध्ये त्यावर खूण करायला सांगतात. खूण केली, तर विंडोजने लिहिलेलं डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहतं आणि वीज गेली की ते नाहीसं होतं. स्वतःची बॅटरी नसलेल्या मशीनवर तो चौकोन रिकामाच ठेवा.